परदेशातील अशांतता आणि आपले लिहिणे-बोलणे: नागपूरच्या कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि विदर्भातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मंडळींसाठी, तसेच त्यांच्या इथल्या घरच्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. राहत्या देशात आंदोलन, दंगल किंवा सत्तापालट सुरू झाला की समाजमाध्यमांवर काय लिहावे, काय पुढे पाठवावे आणि कुठे हात आखडता घ्यावा, याविषयीच्या शंका त्यांत घेतल्या आहेत. कायद्याची माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्यक्ष प्रकरण उभे राहिले, तर त्या देशातील वकिलाचा सल्ला घ्यावाच लागतो.

मी तिथला नागरिक नाही. तिथल्या राजकारणावर बोलण्याचा मला अधिकार आहे का?

कागदावर पाहिले तर बऱ्याच ठिकाणी आहे. नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम १९ ने अभिव्यक्तिस्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीला दिले आहे आणि कलम २५ मधील मतदानाचा व कारभारात सहभागाचा हक्क मात्र नागरिकांपुरता राखला आहे. भारत या करारात १९७९ साली सामील झाला. मात्र संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, सिंगापूर आणि मलेशिया, म्हणजे जिथे आपली माणसे मोठ्या संख्येने कामाला आहेत असेच देश, या करारात नाहीत.

युरोपातही सारे सरळ नाही. मानवी हक्कांच्या युरोपीय कराराचे कलम १० अभिव्यक्तिस्वातंत्र्य देते आणि त्याच कराराचे कलम १६ परकीयांच्या राजकीय हालचालींवर निर्बंध घालण्याची मुभा सरकारांना ठेवते. आपल्या राज्यघटनेचे कलम १९ सुद्धा भारतीय नागरिकांपुरतेच आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. उलट टोकाचे उदाहरण ब्रिटनचे आहे. तिथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून संसदेच्या निवडणुकीत मतदानही करता येते आणि तरीही तो वास्तव्याच्या बाबतीत परकीयच राहतो.

मी कोणताही गुन्हा केलेला नाही. मग भीती कशाची?

सर्वांत जास्त गोंधळ याच प्रश्नाबाबत असतो, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो. परदेशात राहणाऱ्या माणसाचा संबंध दोन वेगवेगळ्या यंत्रणांशी येतो. पहिली पोलीस आणि न्यायालयाची. बहुतेक ठिकाणी तिथे आरोप ठेवावा लागतो, पुरावा दाखवावा लागतो, बचावाची काहीतरी संधी मिळते. दुसरी व्हिसा आणि वास्तव्य परवान्याची. तिथे अधिकाऱ्याला तुमचे राहणे हिताचे वाटले नाही, एवढे कारण पुष्कळदा पुरते आणि दाद मागण्याची वाट अरुंद असते. लिहिताना लोक पहिल्या यंत्रणेचा विचार करतात. ‘मी शिवी दिली नाही, कोणाला मारा म्हटले नाही, मग कोण काय करणार?’ असा तो हिशेब असतो. अडकतात मात्र दुसऱ्या यंत्रणेत.

जून २०२२ मध्ये कुवेतच्या फहाहील भागात शुक्रवारच्या नमाजानंतर काही परदेशी कामगारांनी निदर्शने केली. विषय कुवेतच्या राजकारणाचा नव्हता. भारतातील एका राजकीय प्रवक्तीने प्रेषितांविषयी केलेल्या वक्तव्याचा तो निषेध होता आणि स्वतः कुवेत सरकारनेही त्या वक्तव्याबद्दल भारताकडे अधिकृत नाराजी व्यक्त केली होती. तरीही परकीयांना निदर्शने करण्यास मनाई असल्याने सहभागी लोकांना देशाबाहेर काढण्याचे आदेश निघाले. म्हणजे सरकारच्याच बाजूचे मत मांडणारेही त्यातून सुटले नाहीत.

हे फक्त आखातात होते असे मानण्याचे कारण नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९५५ च्या हान्स म्युलर प्रकरणापासून परकीयांना बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अत्यंत व्यापक मानला आहे. नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्धच्या आंदोलनांच्या काळात, म्हणजे २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीस, भारतात शिकणाऱ्या काही परदेशी विद्यार्थ्यांना देश सोडण्यास सांगितले गेले. त्यांपैकी जादवपूर विद्यापीठातील एका पोलिश विद्यार्थ्याची नोटीस मार्च २०२० मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने रद्द केली. नागपुरात बसून आपल्याला त्या वेळी सरकारचे बरोबर वाटले असो वा न्यायालयाचे, आपला मुलगा आज दुसऱ्या कोणत्या तरी देशात त्याच पोलिश विद्यार्थ्याच्या जागी उभा असतो.

या यंत्रणेचा फटका पैशांतही मोजावा लागतो. नागपुरात शैक्षणिक कर्ज बहुधा आई-वडिलांच्या सहीने आणि बेसा किंवा मानेवाड्याकडच्या एखाद्या प्लॉटच्या तारणावर उचललेले असते. व्हिसा गेला म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही.

दुबई, दोहा, रियाधमध्ये नियम खरोखर इतके कडक आहेत का?

आहेत, आणि नागपूरकरांनी ते विशेष लक्षपूर्वक वाचावेत, कारण सोनेगावच्या विमानतळावरून शारजा आणि दोह्याला थेट विमाने सुरू झाल्यापासून आखात आपल्याला पुण्याइतके जवळ वाटू लागले आहे.

संयुक्त अरब अमिरातीचा अफवा व सायबर गुन्ह्यांविरुद्धचा २०२१ चा कायदा क्रमांक ३४ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच्या कलम ५२ प्रमाणे खोटी बातमी किंवा अफवा इंटरनेटवरून पसरवल्यास किमान एक वर्ष कैद आणि किमान एक लाख दिऱ्हॅम दंड होऊ शकतो. साथ, संकट, आणीबाणी किंवा आपत्तीच्या काळात तेच केले, तर किमान दोन वर्षे आणि दोन लाख दिऱ्हॅम. शिक्षा भोगून झाली तरी परकीय माणसाची हकालपट्टी होण्याची शक्यता उरतेच. कतारने जानेवारी २०२० मध्ये दंडसंहितेत अशाच आशयाची दुरुस्ती केली आणि तिच्यात पाच वर्षांपर्यंत कैद व एक लाख रियालपर्यंत दंड ठेवला. सौदी अरेबियाच्या २००७ च्या सायबर गुन्हे कायद्यात सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधक मजकुरासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि तीस लाख रियालपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आकड्यांपेक्षा बोलके प्रकरण जुलै २०२४ चे आहे. बांगलादेशात आरक्षणविरोधी आंदोलन पेटले तेव्हा अमिरातीत काम करणाऱ्या बांगलादेशी मजुरांनी स्वतःच्या देशाच्या सरकारविरुद्ध रस्त्यावर निदर्शने केली. यजमान देशाविरुद्ध त्यांची काही तक्रार नव्हती. अबुधाबीच्या न्यायालयाने ५७ जणांना शिक्षा ठोठावली: तिघांना जन्मठेप, एकाला ११ वर्षे आणि उरलेल्या ५३ जणांना १० वर्षे. बांगलादेशात सत्तांतर झाल्यावर नव्या सरकारने विनंती केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमिरातीच्या अध्यक्षांनी त्यांना माफी दिली. त्या मजुरांची सुटका ढाक्यात सरकार बदलल्यामुळे झाली. प्रत्येक वेळी मायदेशात सत्तांतर होईल आणि कोणी आपली आठवण काढील, या भरवशावर राहता येत नाही.

मी स्वतः काही लिहिले नाही, फक्त फॉरवर्ड केले. त्यालाही जबाबदार धरतात का?

धरतात. वर सांगितलेल्या अमिरातीच्या कायद्यात मजकूर तयार करणे, प्रसिद्ध करणे, फिरवणे आणि पुन्हा प्रसिद्ध करणे यांत फारसा भेद केलेला नाही. ‘आपण कुठे लिहिलं बे, आलं ते पुढं ढकललं’ हा नागपुरी बचाव महालातल्या कट्ट्यावर चालून जाईल, अबुधाबीत चालणार नाही.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहा. रात्री अकराच्या सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाला धूर दिसतो. खोलीतल्या चौघांपैकी एकाकडे वीस सेकंदांची चित्रफीत येते, तिच्यात पळणारी माणसे दिसतात आणि मागे कोणीतरी परक्या भाषेत ओरडत असते. तो ती घरच्या ग्रुपवर टाकतो आणि खाली लिहितो, ‘इथे गोळीबार झाला, पाच मेले.’ पाच हा आकडा त्याला खोलीतल्या दुसऱ्याने सांगितलेला असतो, दुसऱ्याला तिसऱ्याने. घरच्या ग्रुपवरून ती चित्रफीत मावशीच्या सोसायटीच्या ग्रुपवर जाते, तिथून गावाकडच्या ग्रुपवर, आणि अर्ध्या तासात त्याच इमारतीत राहणाऱ्या वर्ध्याच्या दुसऱ्या मुलाकडे परत येते. आता तिच्याखाली पंधरा मेले असे लिहिलेले असते. चौकशी झालीच, तर पहिला मजकूर कोणाच्या क्रमांकावरून निघाला हे शोधणे अवघड नसते, कारण तिथले सिमकार्ड ओळखपत्राला जोडलेले असते.

अफवेने काय होते हे नागपूरकरांना समजावून सांगावे लागू नये. १७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी महाल भागात हिंसाचार झाला, त्याआधी धार्मिक मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा पसरली होती. पुढचे काही दिवस कोतवाली, गणेशपेठ, तहसील, लकडगंज, पाचपावली अशा अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दींत संचारबंदी होती आणि समाजमाध्यमांवरील मजकुरावरून सायबर पोलिसांनी गुन्हेही नोंदवले. ज्यांनी ते दिवस दार लावून काढले, त्यांनी बाहेरदेशी बसलेल्या एखाद्या नातेवाइकाची त्या वेळची बेफाम टिप्पणी वाचताना काय वाटले होते ते आठवावे. आपण जेव्हा परक्या शहराविषयी लिहितो, तेव्हा तिथल्या माणसाला तसेच वाटते.

नागपुरातून आम्ही घरचे लोक त्या देशाविषयी काही लिहिले, तर मुलाला त्रास होऊ शकतो का?

थेट कायदेशीर जबाबदारी बहुतेक वेळा तुमच्यावरच राहते, मुलावर जात नाही. तरी दोन गोष्टी सांभाळाव्यात. त्याला टॅग करून किंवा त्याच्या पोस्टखाली लिहिलेला मजकूर त्याच्या खात्यावर दिसतो. आणि तुम्ही ग्रुपवर टाकलेले चित्र, विनोद किंवा कार्टून त्याच्या फोनमध्ये आपोआप साठवले जाते. विमानतळावर किंवा नाक्यावर फोन तपासला गेला, तर ते कोणी पाठवले हे सांगत बसावे लागते. काकांना राजकीय विनोद पाठवण्याची हौस असेल, तर पुतण्यासाठी वेगळा छोटा ग्रुप केलेला बरा. काका रुसतील, पण समजून घेतील.

मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी किर्गिझस्तान किंवा बांगलादेशात आहे. तिथे गडबड झाल्यास तिने काय करावे?

विदर्भातून परदेशी जाणाऱ्या मुलांमध्ये एमबीबीएसवाल्यांची संख्या मोठी आहे आणि अलीकडच्या काळात अशांततेचा फटका बसलेल्यांत ती सर्वांत पुढे होती. म्हणून दोन प्रसंग लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

बिश्केकमध्ये १३ मे २०२४ रोजी एका वसतिगृहाजवळ स्थानिक तरुण आणि परदेशी विद्यार्थी यांच्यात मारामारी झाली. तिची चित्रफीत काही दिवसांनी पसरली आणि १७ मेच्या रात्री जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. मूळ भांडणात इजिप्तचे विद्यार्थी असल्याचे सांगितले गेले होते. मार मात्र पाकिस्तानी, भारतीय, बांगलादेशी असा भेद न करता बसला. लगेच समाजमाध्यमांवर काही विद्यार्थी ठार झाल्याच्या बातम्या फिरल्या, किर्गिझ सरकारने त्या नाकारल्या. भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांना घरातच राहण्याचा सल्ला दिला आणि चोवीस तास चालणारा संपर्क क्रमांक जाहीर केला. या सबंध प्रकरणात दोनदा आग लागली ती चित्रफितीने: एकदा स्थानिकांकडे आणि एकदा विद्यार्थ्यांच्या घरच्यांकडे.

बांगलादेशाचे वेगळे होते. तिथे जुलै २०२४ मध्ये हिंसाचार वाढताच १८ तारखेपासून इंटरनेट बंद झाले आणि नागपुरात बसलेल्या पालकांना अनेक तास काहीच कळेना. ऑगस्टमध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी संसदेत सांगितल्याप्रमाणे त्या देशात सुमारे १९ हजार भारतीय होते आणि त्यांत सुमारे ९ हजार विद्यार्थी. बहुतेक विद्यार्थी जुलैतच परतले, पुष्कळ जण आगरतळा, डाउकी, गेदे अशा सीमानाक्यांवरून रस्त्याने आले. तिथे कोणत्या बाजूचे बरोबर, यावर मत व्यक्त करण्याची मुभा कोणालाच नव्हती, कारण नेटच नव्हते. ज्यांच्याकडे दूतावासाचा आणि महाविद्यालयातील समन्वयकाचा क्रमांक कागदावर लिहिलेला होता, त्यांना त्याचा उपयोग झाला.

तेव्हा मुलीला हे सांगावे: दूतावासाच्या नोंदणीत स्वतःचे नाव आणि राहण्याचा पत्ता आधीच घालून ठेवावा. आपण सुखरूप आहोत, कुठे आहोत आणि कोणाबरोबर आहोत, एवढे घरी कळवावे. आंदोलनाच्या घोषणा, स्थानिक विद्यार्थी मित्रांची छायाचित्रे आणि पोलिसांच्या हालचालींच्या चित्रफिती कुठेही टाकू नयेत. स्थानिक मित्राचा चेहरा दिसणाऱ्या छायाचित्राची किंमत बहुधा तो मित्र मोजतो. आपण विमानाने निघून येतो, त्याला तिथेच राहायचे असते.

अमेरिकेत तर बोलण्याचे स्वातंत्र्य आहे ना?

आहे, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४५ च्या ब्रिजेस खटल्यात ते परकीय रहिवाशांनाही असल्याचे मान्य केले आहे. पण वर सांगितलेला भेद इथेही लागू पडतो. विचार व्यक्त केल्याबद्दल तुरुंगात टाकता येत नाही, व्हिसाचे तसे नाही. मार्च २०२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या एका भारतीय विद्यार्थिनीचा व्हिसा रद्द झाला आणि ती स्वतःहून देश सोडून गेली. त्याच महिन्यात जॉर्जटाउन विद्यापीठातील एका भारतीय संशोधकाला ताब्यात घेतले गेले आणि न्यायालयाच्या आदेशाने त्याची सुटका मे महिन्यात झाली. दोन्ही प्रकरणांचा संदर्भ गाझा युद्धाच्या विरोधातील वातावरणाचा होता. संशोधकाला न्यायालयात दिलासा मिळाला हे खरे, पण मधले आठवडे त्याने घरापासून दूर टेक्सासमधील कोठडीत काढले.

व्हिसाच्या अर्जात २०१९ पासून मागील पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे द्यावी लागतात. जून २०२५ पासून विद्यार्थी आणि विनिमय व्हिसाच्या अर्जदारांना आपली खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगितले जाते. माहिती लपवणे हे व्हिसा नाकारण्याचे स्वतंत्र कारण ठरू शकते, त्यामुळे ‘ते खाते लिहूच नको’ असा एजंटाचा सल्ला ऐकू नये.

ब्रिटनमध्ये धार्मिक तणावाच्या वेळी आपल्या बाजूने लिहिले तर?

लेस्टर शहरात २८ ऑगस्ट २०२२ च्या भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर काही आठवडे धुमसत राहिलेला आणि सप्टेंबरच्या मध्यास उसळलेला तणाव बहुतेकांना आठवत असेल. महापौर पीटर सोल्सबी यांनी त्या वेळी समाजमाध्यमांवरील विपर्यस्त मजकुराला मोठा दोष दिला होता. त्यातील पुष्कळ मजकूर शहराबाहेरून, काही तर देशाबाहेरून येत होता. नागपुरात बसून लेस्टरच्या गल्लीविषयी हिरिरीने लिहिणाऱ्यांना तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात दूध आणायला जायचे असते याचे भान नसते, आणि खरे सांगायचे तर माझा राग त्यांच्यावरच अधिक आहे.

कायद्याची बाजू अशी आहे. १९८६ च्या पब्लिक ऑर्डर कायद्यात वांशिक द्वेष भडकवणारा मजकूर प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात साउथपोर्ट गावातील मुलींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींच्या वेळी एका ब्रिटिश महिलेला एका पोस्टसाठी ३१ महिन्यांची शिक्षा झाली. ती त्या देशाची नागरिक होती. परकीयाला १२ महिने किंवा अधिक कैद झाली, तर २००७ च्या यूके बॉर्डर्स कायद्यानुसार, काही अपवाद वगळता, हकालपट्टीची कारवाई आपोआप सुरू होते.

सिंगापूर आणि थायलंडविषयी काय?

सिंगापूरमध्ये हाँग लिम उद्यानातील स्पीकर्स कॉर्नर ही सभेसाठी ठरवून दिलेली जागा आहे, आणि तिथल्या निदर्शनांतही परवानगीशिवाय फक्त नागरिक आणि कायम रहिवासी भाग घेऊ शकतात. परकीयाने कुतूहलाने गर्दीत उभे राहणेही टाळावे. ऑनलाइन खोट्या विधानांविरुद्धचा वेगळा कायदा २०१९ पासून आहे. थायलंडमध्ये राजघराण्याची बदनामी हा दंडसंहितेच्या कलम ११२ खाली गुन्हा असून प्रत्येक आरोपाला ३ ते १५ वर्षांची कैद आहे आणि तो परकीयांनाही लागतो. सुट्टीवर गेलेल्यांनीही राजाच्या छायाचित्रावर गमतीची ओळ लिहू नये.

पर्यटक म्हणून अडकलो आणि मदतीसाठी चित्रफीत टाकली, तर तीही टिप्पणी समजली जाते का?

नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरील बंदीनंतर तरुणांचे आंदोलन उसळले, ९ तारखेला पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, विमानतळ बंद झाले आणि अनेक भारतीय पर्यटक अडकले. अशा वेळी मदत मागणे हा वेगळा विषय आहे आणि त्यात संकोच करू नये. फक्त आधी दूतावासाला फोन करावा, नंतर चित्रफीत, आणि तिच्यात सरकार किंवा आंदोलक यांच्याविषयी शेरा मारू नये.

खोट्या नावाने खाते उघडले किंवा व्हीपीएन (इंटरनेटवर आपले ठिकाण लपवणारे साधन) वापरले, तर?

संरक्षण मिळते असे गृहीत धरू नये. अमिरातीत गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएनसारखे साधन वापरणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याचा दंड पाच लाख ते वीस लाख दिऱ्हॅम इतका आहे. शिवाय बहुतेक वेळा माणूस तंत्रज्ञानाने उघडा पडत नाही, खोलीतल्या, कार्यालयातल्या किंवा त्याच ग्रुपमधल्या कोणीतरी काढलेल्या स्क्रीनशॉटने पडतो.

भारतातल्या राजकारणावर तिथून लिहिले, तर तरी चालते ना?

इथेही जपून. एप्रिल २०२० मध्ये अमिरातीत राहणाऱ्या काही भारतीयांच्या धार्मिक द्वेषाच्या पोस्ट उघड झाल्या, त्यांपैकी काहींच्या नोकऱ्या गेल्या, आणि तेव्हाचे भारतीय राजदूत पवन कपूर यांनी भेदभाव हा त्या देशाच्या कायद्याविरुद्ध आहे याची आपल्या लोकांना जाहीर आठवण करून दिली. विषय भारताचा होता, वाचणारे तिथले होते.

भारतीय कायद्यातूनही सुटका नसते. भारतीय न्याय संहिता, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, ती भारतीय नागरिकाने देशाबाहेर केलेल्या गुन्ह्यालाही लागू होते. दोन गटांत शत्रुत्व वाढवणारा मजकूर दुबईतून लिहिला म्हणून नागपूरच्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येत नाही, असे नाही.

मग तोंडाला कुलूप लावूनच राहायचे का?

नाही, आणि तसा सल्ला देणे मला मान्यही नाही. ज्या शहरात माणूस दहा-वीस वर्षे राहतो, कर भरतो, मुले शाळेत घालतो, त्या शहरात काय चालले आहे याविषयी त्याला मत नसेल तर तो तिथे राहतच नाही असे म्हणावे लागेल. शिवाय बाहेरून आलेल्या माणसाला काही गोष्टी स्थानिकांपेक्षा स्वच्छ दिसतात. प्रश्न असतो तो आपण कशाच्या आधारावर बोलतो याचा. ‘आज आमच्या भागात बस बंद होत्या, दुकाने दुपारी उघडली, पोलिसांनी ओळखपत्र पाहून सोडले’ हे स्वतः पाहिलेले असते, ते घरच्यांच्या उपयोगाचे असते आणि त्यात सहसा कोणाला खुसपट काढता येत नाही. ‘इथल्या लोकांची हीच लायकी आहे’ हे वाक्य लिहिणाऱ्याला बहुधा तिथली भाषासुद्धा येत नसते. मृतांचा आकडा, कोणत्या जमातीने सुरुवात केली, लष्कर कोणाच्या बाजूने आहे, अशा गोष्टी अफवेच्या स्वरूपातच आपल्यापर्यंत येतात, त्या तिथेच थांबवाव्यात.

लोकशाही देशात दीर्घ वास्तव्य असलेल्यांनी आपले मत स्थानिक संघटनेमार्फत, कामगार संघटनेमार्फत किंवा लोकप्रतिनिधीला पत्र लिहून मांडावे. तिथे ते ऐकले जाण्याची शक्यता अधिक असते आणि माणूस एकटा पडत नाही. आखातात हा मार्ग नाही, हे स्पष्टच सांगतो. तिथे मोठ्या राजकीय मतांची चर्चा समोरासमोर आणि विश्वासातल्या माणसांतच होते, आणि तिथे वर्षानुवर्षे राहणारी मंडळी हे कोणी न सांगता पाळतात.

नागपूरच्या वर्तमानपत्राकडून किंवा वाहिनीकडून प्रतिक्रिया मागणारा फोन आला तर काय करावे?

परदेशात काही घडले की ‘नागपूरचे विद्यार्थी अडकले’ ही बातमी स्थानिक पानावर येणारच आणि त्यात गैर काही नाही. अशा बातम्यांमुळे प्रशासन हलते, पालकांना एकमेकांचा पत्ता लागतो, लोकप्रतिनिधी परराष्ट्र मंत्रालयाशी संपर्क करतात. अडचण तपशिलाची असते. उत्साहाच्या भरात वडील मुलाचे पूर्ण नाव, महाविद्यालय, वसतिगृह, त्याचा फोटो आणि ‘तिथले पोलीस काहीच करत नाहीत’ हे मुलाचे वाक्य, सगळे एकाच दमात देऊन टाकतात. दुसऱ्या दिवशी ती बातमी ऑनलाइन असते आणि वसतिगृहातल्या कोणीतरी भाषांतर करून वाचलेली असते.

वार्ताहराशी सौजन्याने बोलावे, मुलगा सुखरूप आहे की नाही आणि सरकारकडून कोणती मदत हवी आहे एवढे सांगावे, नाव छापू नये अशी विनंती आधी करावी. तिथल्या सरकारविषयी मुलाचे मत विचारले, तर ‘त्याविषयी बोलायचे नाही’ असे सरळ म्हणावे. नागपूरचे वार्ताहर याला सहसा मान देतात. मुलाने परस्पर बाइट देऊ नये, हे त्याला आधीच सांगून ठेवावे.

जुन्या पोस्ट काढून टाकाव्यात का?

नको असलेला मजकूर स्वतःहून, शांत काळात काढायला हरकत नाही. चौकशी सुरू झाल्यावर काढू नये. पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप मागे लागू शकतो आणि कोणीतरी त्याची प्रत ठेवलेली असतेच.

अटक झाली किंवा ताब्यात घेतले, तर पहिले काय करावे?

वाणिज्य दूतावासविषयक संबंधांच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे अटक झालेल्या परकीयाला आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते. ही मागणी त्याने स्वतः करायची असते, म्हणून ‘भारतीय दूतावासाला कळवा’ एवढे वाक्य त्याला त्या देशाच्या भाषेत पाठ असावे. दूतावासाचे अधिकारी भेटू शकतात, वकिलांची यादी देऊ शकतात, घरच्यांना निरोप पोहोचवू शकतात. गरजू व्यक्तीला भारतीय समुदाय कल्याण निधीतून कायदेशीर मदतही मिळू शकते. तिथला खटला थांबवणे किंवा सोडवून आणणे त्यांच्या हातात नसते, तेव्हा तशी अपेक्षा ठेवून त्यांच्याशी भांडू नये.

नागपुरातील घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पासपोर्टची प्रत, व्हिसा किंवा इकाम्याची (आखातातील वास्तव्य परवान्याची) प्रत, मालकाचे किंवा महाविद्यालयाचे नाव आणि शेवटचा संपर्क कधी झाला ही माहिती जवळ असली की काम लवकर होते. ही कागदपत्रे मुलगा निघण्यापूर्वीच घरी एका फाइलमध्ये ठेवावीत. अटकेची बातमी लगेच समाजमाध्यमांवर टाकण्याची घाई करू नये, वकिलाला विचारून मगच ठरवावे, कारण काही देशांत बाहेरच्या दबावाने सुटका लवकर होते आणि काही देशांत त्यामुळेच प्रकरण चिघळते.

माझ्या भावाने तिकडचे नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) आहे. त्याला दूतावासाची मदत मिळेल का?

अटकेच्या प्रकरणात भारतीय नागरिक म्हणून मिळणारी वाणिज्य दूतावासाची मदत त्याला मागता येत नाही, कारण ओसीआय हे भारतीय नागरिकत्व नाही. त्याच्या हक्कांचे रक्षण त्याच्या नव्या देशाच्या कायद्यानेच व्हायचे असते. दुसऱ्या बाजूने, त्याला त्या देशातून राजकीय मतासाठी सहजासहजी हाकलता येत नाही, मतदान करता येते आणि निवडणूकही लढवता येते. एकाच घरात एक भाऊ नागरिक आणि दुसरा नोकरीच्या व्हिसावर असेल, तर पहिल्याने लिहिलेला मजकूर दुसऱ्याने स्वतःच्या खात्यावरून पुढे पाठवू नये.